जपानी पुराणकथा आणि लोककथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी पुराणकथांचा मूळ ग्रंथ कोणता?

एक नाही, दोन आहेत. 712 साली पूर्ण झालेला ‘कोजिकी’ आणि 720 सालचा ‘निहोन शोकी’. दोन्ही राजाज्ञेने तयार झाले. निरनिराळ्या घराण्यांनी जपलेल्या वंशावळी आणि कथा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांत खोट्याची भर पडली आहे, अशी सम्राट तेन्मुची तक्रार होती. म्हणून त्याने हिएदा नो आरे या विलक्षण स्मरणशक्तीच्या व्यक्तीकडून सगळं पाठ करून घेतलं. तेन्मु वारला, काम अडलं. पुढे सम्राज्ञी गेन्मेईच्या हुकमावरून ओ नो यासुमारो या दरबारी विद्वानाने आरेच्या तोंडून ऐकून कोजिकी लिहून काढली. हा यासुमारो दंतकथेतला नाही. 1979 साली नारा शहराबाहेरच्या एका चहाच्या मळ्यात खणताना त्याची कबर सापडली, नाव कोरलेल्या तांब्याच्या पट्टीसह.

हे आधीच सांगायचं कारण असं की पुढच्या प्रत्येक उत्तरात ते कामाला येईल. हे दोन्ही ग्रंथ दरबाराने, दरबारासाठी करवून घेतले. राज्यकर्ता सूर्यदेवीच्या कुळातला आहे हे त्यांना ठसवायचं होतं. गावच्या ओढ्यात पोरांचे पाय ओढणारा काप्पा किंवा माजघरात खेळणारं अदृश्य मूल त्यांत सापडणार नाही. ती परंपरा वेगळी, खालून आलेली, आणि नीट लिहून ठेवली गेली ती फार उशिरा. जपानी कथा वाचताना ‘ही कोणी सांगितली आणि कुणाला?’ हा प्रश्न जवळ ठेवला की निम्मा गोंधळ कमी होतो.

दोन्ही ग्रंथांत कथा सारख्याच आहेत का?

नाही, आणि हे पाहून नवखे वाचक वैतागतात. कोजिकी एक सलग गोष्ट सांगते. निहोन शोकी मात्र देवयुगाच्या भागात मुख्य कथा देऊन झाली की ‘एका ग्रंथात असं म्हटलं आहे’, ‘दुसऱ्या ग्रंथात असं आहे’ असे पाठभेद एकापाठोपाठ एक मांडत जाते. इझानामी ही आदिमाता कोजिकीत अग्निदेवाला जन्म देताना मरते. निहोन शोकीच्या मुख्य कथेत ती मरतच नाही. अन्नदेवतेला कोजिकीत सुसानोओ मारतो, तर निहोन शोकीच्या एका पाठात चंद्रदेव त्सुकुयोमी मारतो आणि त्यावर रागावून सूर्यदेवी त्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवते. सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या वेळी उगवतात ते तेव्हापासून.

खरा पाठ कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही. तेराशे वर्षांपूर्वीच्या संपादकांनीही एकच पाठ निवडून बाकीचे फेकून दिले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानावेत.

जग कसं निर्माण झालं?

सुरुवातीला तेलासारखं तरंगणारं काहीतरी होतं. इझानागी आणि इझानामी हे देव-देवी स्वर्गाच्या तरंगत्या पुलावर उभे राहिले आणि रत्नजडित भाल्याने त्यांनी खालचं खारं पाणी ढवळलं. भाल्याच्या टोकावरून ठिबकलेल्या थेंबांचं बेट झालं, ओनोगोरो. तिथे उतरून त्यांनी एक खांब उभारला, विरुद्ध दिशांनी त्याला फेरी मारली आणि समोरासमोर येताच इझानामी आधी बोलली. त्यांना झालेलं मूल निघालं बिनहाडाचं, जळवेसारखं. बाई आधी बोलली म्हणून असं झालं, असा निवाडा स्वर्गातल्या देवांनी दिला. विधी पुन्हा केला, या वेळी आधी तो बोलला, आणि मग जपानची बेटं जन्मली. आठव्या शतकातला पुरुषी दरबार इथे स्वच्छ दिसतो. गंमत अशी की लव्हाळ्याच्या होडीत घालून सोडून दिलेलं ते मूल पुढे लोकांनी परत आणलं. मासेमारांचा आणि व्यापाऱ्यांचा हसरा देव एबिसु तो हाच, अशी श्रद्धा रूढ झाली.

अग्निदेवाला जन्म देताना भाजून इझानामी मेली. इझानागी तिला आणायला योमी या मृतांच्या अंधाऱ्या देशात गेला. ती म्हणाली, मी इथलं अन्न खाल्लंय, तरी इथल्या देवांना विचारून येते, तोवर माझ्याकडे पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. केसातल्या कंगव्याचा दात मोडून त्याने पेटवला, तर समोर तिचं किडे वळवळणारं प्रेत. तो पळत सुटला. तिने त्याच्यामागे योमीतल्या भेसूर बायका सोडल्या. त्याने डोक्यावरची वेल फेकली, तिची द्राक्षं झाली. त्या खात बसल्या. कंगवा फेकला, त्याचे बांबूचे कोंब झाले. त्या पुन्हा खात बसल्या. शेवटी पीचची तीन फळं मारून त्याने सगळ्यांना पिटाळलं आणि मोठी शिळा लावून योमीची वाट बंद केली. शिळेच्या पलीकडून ती म्हणाली, मी तुझ्या देशातली हजार माणसं रोज मारीन. तो म्हणाला, मी रोज दीड हजार बाळंतघरं उभारीन.

बाहेर येऊन त्याने नदीत अंग धुतलं. डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी आमातेरासु झाली, उजव्यातून त्सुकुयोमी, नाकातून सुसानोओ. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळाच्या दारात आजही आधी हात धुवायचे आणि चूळ भरायची असते. शुद्धीच्या या आग्रहाला पुराणातला आधार हा.

आमातेरासु गुहेत का लपली?

भावामुळे. सुसानोओने तिच्या भातशेतीचे बांध फोडले, पहिल्या पिकाच्या सणाच्या दालनात घाण केली आणि शेवटी ती जिथे देवांची वस्त्रं विणवून घेत होती त्या घराचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकला. एक विणकरीण घाबरून धोट्यावर पडली आणि मेली. आमातेरासु गुहेत शिरली, जग काळोखात बुडालं.

देवांनी काढलेला उपाय म्हणजे तमाशा. आमे नो उझुमे ही देवी पालथ्या पिंपावर चढून पाय आपटत नाचली, अंगावरचे कपडे सुटले, आणि जमलेले सगळे देव इतके हसले की स्वर्ग हादरला. मी इथे कोंडून घेतलेलं असताना हसताय कशाला, म्हणून आमातेरासुने दार किलकिलं केलं. तुझ्याहून थोर देवी मिळाली आम्हाला, असं म्हणून त्यांनी समोर आरसा धरला. ती आपलंच तेज न्याहाळायला पुढे झुकली, तेवढ्यात दाराआड उभ्या असलेल्या पहिलवान देवाने तिला हाताला धरून बाहेर ओढलं आणि मागे गवती दोर बांधून टाकला. तसा दोर आज बहुतेक शिंतो देवळांत दिसतो.

क्युशू बेटावरच्या ताकाचिहो गावात हा प्रसंग अजून नाचून दाखवतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत वाड्यावाड्यांवर रात्रभर कागुरा, म्हणजे देवांपुढचा नाच, चालतो, एकूण 33 नृत्यं. ग्रंथातली कथा आणि गावातली कथा जिथे एक होतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

मग सुसानोओ खलनायक म्हणायचा?

स्वर्गात, हो. तिथून हाकलल्यावर तो इझुमो प्रांतात उतरतो आणि नायक होतो. एक म्हातारा-म्हातारी रडत बसलेली, त्यांच्या आठ मुलींपैकी सात यामाता नो ओरोची या आठ डोक्यांच्या सापाने दरवर्षी एक अशा खाल्लेल्या, आता आठवीची पाळी. सुसानोओने कडक साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, आठ हौद भरून ठेवायला सांगितले. आठही डोकी पिऊन पडली, मग त्याने साप तोडला. शेपटीत तलवारीची धार तुटली, पाहतो तर आत दुसरी तलवार. तीच कुसानागी, राजचिन्हांपैकी एक. वाचलेल्या मुलीशी त्याने लग्न केलं.

हा बदल अपघाती नसावा. इझुमो हे यामातोच्या (आजच्या नाराकडच्या) दरबाराखेरीजचं जुनं, बलाढ्य केंद्र होतं. तिथला मोठा देव ओकुनिनुशी याने आपला देश आमातेरासुच्या वंशजांना ‘स्वाधीन केला’ आणि बदल्यात त्याला भव्य देऊळ मिळालं, असं कोजिकी सांगते. जेत्यांनी लिहिलेली ही शरणागतीची कथा आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. पण इझुमोच्या लोकांची स्वतःची नोंदही वाचली: 733 साली पूर्ण झालेला तिथला ‘फुदोकी’, म्हणजे प्रांताचा वृत्तांत, जवळजवळ संपूर्ण उपलब्ध आहे, आणि त्यात आठ डोक्यांच्या सापाची ही कथाच नाही!

राजघराणं सूर्यदेवीचं वंशज आहे, हे जपानी लोक खरंच मानतात का?

कथा अशी: आमातेरासुचा नातू निनिगी आरसा, मणी आणि तलवार घेऊन पृथ्वीवर उतरला. त्याचा पणतू जिम्मु पहिला सम्राट झाला, इ. स. पू. 660 मध्ये. इतिहासकार जिम्मुला ऐतिहासिक व्यक्ती मानत नाहीत. तरी ‘राष्ट्रस्थापना दिन’ म्हणून 11 फेब्रुवारीला सुट्टी असते ती त्याच्या राज्यारोहणाच्या मानीव तारखेमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती 1948 मध्ये रद्द झाली आणि 1966 मध्ये नव्या नावाने परत आली.

1945 पूर्वी हे शाळेत इतिहास म्हणून शिकवत. त्सुदा सोकिची या इतिहासकाराने देवयुगाच्या कथा दरबाराने रचलेल्या आहेत असं मांडलं, तर 1940 मध्ये त्याच्या पुस्तकांवर बंदी आली आणि खटला भरला गेला. 1 जानेवारी 1946 च्या घोषणेत सम्राट हिरोहितोने आपण प्रकट देव असल्याची कल्पना नाकारली. आज बहुतेक लोक याकडे परंपरा म्हणून पाहतात. पण विधी थांबलेले नाहीत. 1 मे 2019 रोजी नारुहितो गादीवर आला तेव्हा तलवार आणि मणी झाकलेल्या पेट्यांतून त्याच्यासमोर ठेवले गेले. आरसा इसेच्या देवळात, मूळ तलवार नागोयाच्या आत्सुता देवळात, असं मानतात. पाहायला कुणालाच मिळत नाहीत.

सम्राट देवाचे वंशज, तर मग ते का मरतात?

निनिगीच्या निवडीमुळे. पर्वतदेवाने त्याला दोन मुली एकत्र दिल्या होत्या: फुलासारखी सुंदर कोनोहानासाकुया आणि कुरूप इवानागा, म्हणजे शिळेसारखी चिरंतन. निनिगीने कुरूप मुलगी परत पाठवली. बापाने कळवलं, आता तुमचं आयुष्यही फुलासारखंच. दगड नाकारून केळं निवडलं म्हणून माणूस मर्त्य झाला, अशी याची जवळची भावंडं इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर सापडतात.

हे सगळं भारतातून गेलं आहे ना? त्यांच्याकडे सरस्वती आणि गणपती आहेत असं ऐकलं.

देव गेले, पण वरच्या कथा गेल्या नाहीत. या दोन गोष्टींची सरमिसळ करून ‘सगळं आपलंच’ असा निष्कर्ष काढणारे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते सोडून द्यावेत. भाल्याने पाणी ढवळणं पाहून समुद्रमंथन आठवणं साहजिक आहे, पण तेवढ्यावर नातं सिद्ध होत नाही. मारलेल्या अन्नदेवतेच्या देहातून धान्य उगवण्याची कथा इंडोनेशियाच्या सेराम बेटावरच्या कथेशी जुळते. कोजिकीची नाती दक्षिणेच्या बेटांशी आणि कोरियाशी अधिक आहेत.

भारतीय देव पोचले ते बौद्ध धर्माच्या सामानात, चीन आणि कोरियामार्गे, सहाव्या शतकापासून. 752 साली नाराच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. 804 मध्ये चीनला गेलेला कुकाई हा भिक्षू तांत्रिक बौद्ध मत आणि त्यासोबतचा सगळा देवपरिवार घेऊन दोन वर्षांनी परतला. बीजाक्षरं लिहायची सिद्धम् लिपी तिथल्या मंदिरांत आणि कबरींजवळच्या लाकडी फळ्यांवर अजून दिसते.

तिथे गेल्यावर या देवांचं काय झालं, हे खरं पाहण्यासारखं आहे. सरस्वतीची बेन्झाइतेन झाली. वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य आलं, पाण्याशी नातं टिकलं, म्हणून तिची देवळं एनोशिमा, चिकुबुशिमा अशा बेटांवर. मग ती धनाचीही देवी झाली. कामाकुराच्या एका देवळात लोक तिच्या झऱ्यात नोटा धुतात, त्या वाढतात म्हणून. एनोशिमाला जोडप्याने जाऊ नये, देवीला मत्सर वाटतो, असंही सांगतात. आपल्या सरस्वतीवर असा आळ कुणी घेतलेला नाही! महाकालाचा दाइकोकुतेन झाला: उग्र रूप गेलं, तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला, हातात सुबत्तेचा हातोडा घेतलेला गोलमटोल हसरा देव उरला. ओकुनिनुशीच्या नावातली पहिली दोन चिन्हंही ‘दाइकोकु’ अशी वाचता येतात, तेवढ्या उच्चारसाम्यावर दोघे एक मानले गेले. कुबेर बिशामोनतेन नावाने योद्ध्यांचा देव झाला. हे तिघेही सप्तभाग्यदेवांत बसतात. इंद्र ताइशाकुतेन झाला, यम एनमा, स्कंद इदातेन. डाकिनी तर पांढऱ्या कोल्ह्यावर बसून इनारी या धान्यदेवतेत मिसळली.

गणपतीबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. तो कांगितेन किंवा शोतेन. बहुतेक वेळा हत्तीचं मुख असलेली दोन माणसं एकमेकांना मिठी मारून उभी, अशी मूर्ती, आणि ती गुप्त ठेवतात; दर्शन मिळत नाही. त्याला नैवेद्य मुळ्याचा. टोकियोच्या आसाकुसा भागातल्या मात्सुचियामा शोदेन देवळात भक्त पांढरे मुळे वाहतात, भिंतींवर जोडमुळ्याचं चिन्ह कोरलेलं आहे. त्याच्यासाठी तेलात तळलेली, पोटलीच्या आकाराची, आत गोड सारण भरलेली मिठाईही करतात. मोदकाचं मूळ तिच्यात ओळखू येतं. पण गावजेवणातला, मिरवणुकीतला आपला बाप्पा तिथे शोधू नये. तो देव जपून हाताळण्याचा, नवस चुकवला तर भारी पडणारा समजतात.

शिंतोमध्ये देव नेमके किती?

‘ऐंशी लाख’ असं म्हणतात. आपल्या तेहतीस कोटींसारखंच, मोजून काढलेला आकडा नव्हे. डोंगर, धबधबा, जुनं झाड, मेलेला माणूस, ज्याच्यापुढे धाक किंवा आदर वाटतो ते ‘कामी’, म्हणजे देव, होऊ शकतं. संस्थापक नाही, धर्मग्रंथ नाही. आणि शिंतो-बौद्ध ही फारकत सरकारने 1868 मध्ये केली. त्याआधी हजारेक वर्षं देऊळ आणि विहार एकाच आवारात नांदत होते.

योकाई म्हणजे भूत का?

भूत हा युरेइ. तो विशिष्ट माणसाचा, विशिष्ट माणसामागे लागतो. पांढरा किमोनो, मोकळे केस, आणि एडो काळापासूनच्या (1603 ते 1868) चित्रांत पाय नाहीत. योकाई म्हणजे लोककथांतला अद्भुत, चमत्कारिक जीव; तो बहुधा जागेचा असतो: अमक्या पुलाखाली, तमक्या खिंडीत, दिवेलागणीला. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी हा भेद मांडला. तो सगळीकडे लागू पडत नाही, पण सुरुवातीला उपयोगी आहे. 1910 मध्ये त्यांनीच इवाते प्रांतातल्या तोनो गावच्या 119 कथा छापल्या, त्या गावच्या सासाकी किझेन या तरुणाच्या तोंडून ऐकून. गावकथांना विद्वानांच्या जगात मान मिळाला तो तिथून.

त्यातली माझी आवडती कथा झाशिकी-वाराशीची. हे मुलाच्या रूपातलं घरदैवत. ते असेल तोवर घराची भरभराट. एका माणसाला पुलावर दोन अनोळखी मुली भेटतात. कुठून आलात? अमक्या सावकाराच्या घरून. कुठे निघालात? दुसऱ्या गावी, अमक्याकडे. माणूस ओळखतो, सावकाराचं संपलं. लवकरच त्या घरातली वीसेक माणसं विषारी आळिंबं खाऊन एका दिवसात मरतात, खेळायला गेल्यामुळे जेवायला न आलेली सात वर्षांची एकच मुलगी वाचते. कोजिकीत एवढं थंडपणे सांगितलेलं काही नाही.

काप्पा धोकादायक की गोंडस?

आता गोंडस, पूर्वी जीवघेणा. लहान मुलाएवढा, पाठीवर कासवाची ढाल, डोक्यावर खोलगट बशी आणि तिच्यात पाणी. पाणी सांडलं की शक्ती गेली. म्हणून काप्पा भेटला तर वाकून नमस्कार करायचा. तो शिष्टाचाराचा पक्का, उलट वाकतो आणि पाणी सांडतं. त्याला सुमो कुस्ती आणि काकडी आवडते. काकडीच्या सुशीला काप्पा-माकी म्हणतात ते त्यामुळे. नदीत बुडून मेलेल्या मुलांच्या आणि घोड्यांच्या भीतीतून तो आला असणार. पकडलेल्या काप्पाने सुटकेच्या बदल्यात हाडं बसवण्याची विद्या दिली, अशा कथा मात्र जागोजागी आहेत.

कोल्हा देव आहे का?

इनारी देवतेचा दूत आहे, देव नव्हे. क्योतोचं फुशिमी इनारी देऊळ 711 साली स्थापन झालं असं परंपरा मानते. लाल तोरी कमानींच्या रांगा तिथल्याच. लोककथांतला कोल्हा वेगळा: रूप बदलतो, बाई होऊन संसार थाटतो, अंगात येतो. तानुकी हा रॅकूनसारखा दिसणारा रानटी प्राणीही रूप बदलतो, पण तो जास्त करून फजिती करतो आणि स्वतःचीही करून घेतो.

ओनी म्हणजे राक्षस का? आणि मोमोतारोचा पुण्याशी काय संबंध?

ओनी राक्षसाच्या जवळचा. शिंगं, वाघाच्या कातड्याचं वस्त्र, लोखंडी सोटा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी भाजलेले सोयाबीन फेकून ‘ओनी बाहेर, भाग्य आत’ असं ओरडतात. आकिताच्या ओगा द्वीपकल्पात 31 डिसेंबरच्या रात्री गवताचे झगे आणि मुखवटे घातलेले नामाहागे घरोघरी घुसतात आणि रडकी मुलं आहेत का म्हणून गरजतात. ते मात्र ओनीसारखे दिसत असले तरी देव. 2018 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

मोमोतारो हा पीचमधून जन्मलेला मुलगा कुत्रा, माकड आणि तितर जातीच्या किजी पक्ष्याला सोबत घेऊन ओनींचं बेट जिंकतो. त्याचं गाव ओकायामा समजतात. तिथल्या किबित्सु देवळात उरा नावाच्या ओनीचं डोकं एका चुलीखाली पुरलंय आणि तिच्यावरच्या हंड्याच्या आवाजावरून शकुन सांगतात. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. संबंध एवढाच. ओनी आणलेले नाहीत. युद्धकाळात याच मोमोतारोला प्रचारासाठी राबवलं होतं, शत्रूला ओनी ठरवून. म्हणजे लोककथाही दरबाराच्या कामाला लावता येते.

भूकंपाबद्दल काही कथा आहे का?

जमिनीखाली नामाझु हा प्रचंड मांगूर जातीचा मासा आहे, तो हलला की भूकंप. काशिमा देवळातला देव एका शिळेने त्याचं डोकं दाबून ठेवतो. ती शिळा देवळाच्या आवारात पाहायला मिळते, जमिनीवर जेमतेम टोक दिसतं.

आता यात दुसरी श्रद्धा मिसळा. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव इझुमोला सभेला जातात. बाकी ठिकाणी तो ‘देवांवाचूनचा महिना’. 1855 साली एडो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, मोठा भूकंप झाला तो नेमका दहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी. काही दिवसांत नामाझुची रंगीत छापील चित्रं बाजारात आली: रखवालदार देव बाहेरगावी, मागे ठेवलेला एबिसु डुलक्या घेतोय. काही चित्रांत चिडलेले लोक माशाला बडवतायत, तर सुतार आणि गवंडी त्याला वाचवायला धावतायत, कारण घरं पडली म्हणून त्यांना काम मिळालं. दंतकथा आणि व्यंगचित्र यांचा इतका झणझणीत संयोग मला दुसरीकडे आढळलेला नाही.

साथीच्या रोगालाही असंच चित्र आहे. 1846 च्या एका छापील पत्रकात हिगो प्रांताच्या समुद्रातून आलेली, चोच आणि लांब केस असलेली आमाबिए सांगते: रोग आला तर माझं चित्र काढून लोकांना दाखवा. 2020 मध्ये जपानने अक्षरशः तसंच केलं; आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकावरही ती झळकली.

सूडाने पेटलेला आत्मा देव कसा होतो?

त्याची समजूत घालून. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री कारस्थानाला बळी पडून 901 मध्ये दूर क्युशू बेटावरच्या दाझाइफुला हद्दपार झाला, दोन वर्षांनी तिथेच वारला. मग त्याचे विरोधक मरू लागले आणि 930 मध्ये राजवाड्यावर वीज पडून दरबारी दगावले. घाबरलेल्या दरबाराने त्याला पदव्या परत दिल्या, क्योतोत कितानो देऊळ उभं राहिलं. आज तो तेनजिन, विद्येचा देव, आणि परीक्षेच्या हंगामात त्याच्या देवळांत विद्यार्थ्यांची रीघ लागते.

बंडखोर ताइरा नो मासाकादो 940 मध्ये मारला गेला. त्याच्या डोक्याची समाधी टोकियोच्या ओतेमाची भागात बँकांच्या इमारतींमध्ये आहे. 1923 च्या भूकंपानंतर अर्थखात्याने तिथे तात्पुरती इमारत बांधली; मंत्र्यासह काही जण वारले, कुजबुज वाढली, आणि जागा पुन्हा समाधीला दिली गेली. जमिनीचे तिथले भाव पाहता ही मोठीच दक्षिणा.

जुन्या छत्रीला डोळा फुटतो म्हणे?

शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो आणि फेकून दिली तर ती डूख धरते, त्या त्सुकुमोगामी. याच वृत्तीतून मोडक्या सुयांचा स्मृतिविधी आला: तोफूच्या मऊ वडीत सुया टोचून त्यांना निरोप देतात, टोकियोकडे 8 फेब्रुवारीला.

आयनू आणि ओकिनावाच्या कथा यातच धरायच्या का?

नाही. होक्काइदोच्या आयनू लोकांची भाषा वेगळी, कथा वेगळ्या. अस्वल म्हणजे कातडं पांघरून पाहुणा आलेला कामुइ, म्हणजे देव. त्याला मारणं म्हणजे भेटी देऊन घरी पाठवणं. चिरी युकिए या आयनू मुलीने आजी आणि मावशीकडून ऐकलेली देवगीतं मूळ भाषेत लिहून जपानी अनुवाद केला आणि 1922 मध्ये, 19 व्या वर्षी ती गेली. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. त्यातलं पहिलं गाणं घुबडदेव स्वतः ‘मी’ म्हणून गातो. ओकिनावात स्त्रियाच पुरोहित, आणि समुद्रापलीकडे निराइ कानाइ हा देवांचा देश. दोघांनाही ‘जपानी पुराण’ या पोत्यात कोंबणं हा अन्याय आहे. आयनूंना मूलनिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळायला 2019 उजाडलं.

अ‍ॅनिमे पाहून हे सगळं कळतं का?

नावं कळतात. स्वभाव पुष्कळदा उलटे कळतात.

जपानला जाणार आहे. कथांसाठी कुठे जाऊ?

इसे थोर आहे, पण आतलं काही दिसत नाही. मुख्य देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. मागचं 2013 मध्ये झालं, पुढचं 2033 मध्ये. इझुमोला नक्की जा. एरवी देवळात दोन टाळ्या वाजवतात, तिथे चार. हिवाळ्यात जात असाल तर ताकाचिहो.

आणि तोनो. तिथल्या देवळामागच्या ओढ्यावर काकडी बांधलेल्या काठ्या लावून ठेवलेल्या असतात, आणि स्थानिक पर्यटन संस्था काप्पा पकडण्याचा परवाना विकते. अटी वाचून घ्या: जिवंत आणि इजा न करता पकडायचा, आणि डोक्यावरच्या बशीतलं पाणी सांडता कामा नये.